नेपाळ: बाप आमच्या बागेत, पोरगा जपानच्या वाटेवर

आंबा_पावस | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आज लिहितोच.

आमची रत्नागिरीजवळ हापूसची कलमं आहेत. दिवाळी झाली की नेपाळची माणसं येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. राखण, फवारणी, झाडावर चढून घळीने (टोकाला जाळी लावलेल्या काठीने) फळ उतरवणं, पेट्या भरणं, सगळं त्यांच्या हातून होतं. ज्यांच्या बागा आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणूनही तीच माणसं दिसतात.

आमच्याकडे येणारा दाजू (नेपाळीत थोरल्या भावाला म्हणतात, आम्ही त्याला तशीच हाक मारतो) नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातला. यंदाचा त्याचा अठरावा हंगाम. पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा मुलगा रांगत होता. पुढे मोबाइल आले आणि रोज संध्याकाळी मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) पडवीत बसून घरी बोलायचं, हा त्याचा नेम झाला. मुलाला वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावायचा. स्वतः पाचवी शिकलेला, त्यामुळे वहीत काय लिहिलंय ते त्याला फारसं कळायचं नाही. पान भरलंय की नाही एवढंच बघायचा आणि पुढचं पान उलटायला सांगायचा. एक वाक्य त्याने मला शंभरदा ऐकवलं असेल: "शेठ, मी इथे येतो ते पोराला यायला लागू नये म्हणून."

दरवर्षी विसर्जन आटोपलं की मी त्याला फोन करतो, कधी निघताय, किती जण येताय ते विचारायला. यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी लावला, तर व्हॉट्सअॅप लागेचना. नेपाळ सरकारने ४ सप्टेंबरला फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअॅप धरून २६ समाजमाध्यमं बंद केली होती, हे मला नंतर कळलं. ८ तारखेला संध्याकाळी त्याचाच साधा फोन आला. "शेठ, पोरगा फोन उठवत नाय."

मुलगा काठमांडूला कॉलेजात. सकाळी मित्रांबरोबर माइतीघरला मोर्चाला जातोय, एवढं सांगून गेलेला. दुपारी बानेश्वरला संसदेसमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात देशभरात १९ जणं गेली. मी इकडे टीव्हीसमोर, तो तिकडे ओसरीवर, आणि रात्री दोनपर्यंत आमचं एकमेकांना फोन करणं चाललं होतं. सांगण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं, पण फोन ठेवला की भीती वाटायची. पहाटे मुलाचा फोन आला. संचारबंदी लागल्यावर गल्लीबोळांतून चालत कीर्तिपूरला खोलीवर पोचला होता. चपला कुठे सुटल्या ते त्याला आठवत नव्हतं.

दाजू भाऊबीज करून आला, त्यांच्यात भाइटीका म्हणतात. दुसऱ्या रात्री पडवीत बसलो होतो तेव्हा म्हणाला, मुलगा जपानला जातोय. भाषेचा क्लास सुरू आहे. एजंट बारा लाख नेपाळी मागतोय, म्हणजे आपले साडेसात लाख. घराखालचं शेत गहाण टाकायचं ठरलंय. मी म्हटलं, अरे पण सरकार पडलं ना, पोरांनी पाडलं, मग आता कशाला जातो? तो म्हणाला, "शेठ, सरकार गेलं. काम कुठे आलं?"

अठरा वर्षं हा माणूस पोराने घर सोडू नये म्हणून स्वतः घर सोडून राहिला. आणि पोरगा बापापेक्षा लांब चाललाय. मला हे फार लागलंय. इथे कुणी नेपाळ जवळून पाहिलं असेल, तिथल्या लोकांबरोबर काम केलं असेल, तर लिहा. मला समजून घ्यायचंय.

रानवाट | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

वाचतेय. वही कॅमेऱ्यासमोर धरण्यापाशी थांबले.

हिशोबाची_वही | १४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

काका, तुमच्या दाजूचं घर म्हणजे आजचा अख्खा नेपाळ आहे. थोडे आकडे देतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट किती मोठी आहे ते ध्यानात येत नाही.

२०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख भरली. त्यावेळी सुमारे २२ लाख माणसं देशाबाहेर होती, त्यात बहुतेक पुरुष. गेल्या काही वर्षांत परदेशी कामाचे परवाने दरवर्षी सात लाखांच्या वर जातात. त्यात नवे आले आणि नूतनीकरणाचेही आले, पण भारतात येणारे मुळीच धरलेले नाहीत, कारण भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे त्यांना परवाना लागतच नाही. म्हणजे तुमचा दाजू या परवान्यांच्या मोजणीत नाही. शिवाय शिकायला जातो म्हणून ना-हरकत दाखला घेणारी मुलं आता वर्षाला लाखाच्या पुढे गेली आहेत.

या सगळ्यांनी धाडलेला पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भरतो. आपण कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचो. तिथे सबंध देश मनीऑर्डरवर उभा आहे.

याची चांगली बाजू आधी सांगतो. १९९५-९६ मध्ये नेपाळात शंभरातली चाळीसहून जास्त माणसं गरिबीरेषेखाली होती, २०२२-२३ च्या पाहणीत ती वीसच्या आसपास आली. मधल्या काळात दहा वर्षं माओवादी युद्ध चाललं, २०१५ चा भूकंप झाला, त्याच वर्षी सीमेवरची नाकेबंदी झाली. एवढं सोसूनही गरिबी निम्म्यावर आली यात सरकारची कर्तबगारी थोडी आणि कतार, मलेशिया, सौदीत राबणाऱ्यांची फार. पत्रे गेले आणि सिमेंटचे स्लॅब आले, मुली शाळेत गेल्या, ते याच पैशावर.

आता मला अस्वस्थ करणारी बाजू. बाहेरून आलेला पैसा घरात पोचतो आणि त्यातून तांदूळ, मोबाइल, मोटारसायकल, कपडे विकत घेतले जातात. यातलं बरंचसं आयात होतं. आयातीवर जकात आणि कर बसतो, आणि तिजोरी त्यावर भरते. थोडक्यात, पोरगा देशाबाहेर गेला की सरकारचं उत्पन्न वाढतं आणि त्याच्यासाठी कारखाना काढायची जबाबदारी टळते. पोरगा घरी राहिला तर सरकारपुढे प्रश्न उभा राहतो. ज्या राज्यकर्त्यांचं गणित असं जमून गेलंय, ते पोरं गावात राहावीत म्हणून जिवाचं रान कशाला करतील? १५ ते २४ वयात काम शोधणाऱ्यांपैकी पाचातल्या एकाहून जास्त जणांना काम मिळत नाही, ते उगीच नाही.

सरळ_बोलतो | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

दाजूबद्दल वाईट वाटतंच. पण एक विचारतो. ९ सप्टेंबरला त्या पोरांनी सिंहदरबार (तिथलं सरकारी सचिवालय) जाळला, संसद जाळली, सर्वोच्च न्यायालय जाळलं. किती जणांच्या खटल्यांचे कागद त्यात गेले असतील? तुरुंग फुटले, १३ हजारांहून जास्त कैदी पळाले. ज्या देशात मुळात गुंतवणूक येत नाही तिथे हॉटेलं पेटवून रोजगार कसा येणार? अन्याय झाला म्हणून घराला आग लावायची नसते. आणि आपल्याकडे बेकारी काय कमी आहे? एमपीएससीची पोरं पुण्यात काय हाल काढतात ते आपण बघतोच.

मृदगंध | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

सरळ_बोलतो दादा, मी त्या आठवड्यात कामानिमित्त काठमांडूला लागून असलेल्या पाटणला होते. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

८ तारखेची सकाळ एखाद्या कॉलेजच्या संमेलनासारखी होती. पाठीवर दप्तरं, काहींच्या अंगावर शाळेचा गणवेश, हातात घरी रंगवलेले पुठ्ठे. मी राहत होते त्या घरची मुलगी अकरावीत. निघताना आईने तिच्या दप्तरात पाण्याची बाटली आणि चिवड्याची पुडी घातली, उन्हात उभी राहू नकोस म्हणाली. गोळीबार होईल असं त्या घरात कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. मुलगी दोन वाजता परत आली आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. आई तिच्याजवळ नुसती बसून होती.

९ तारखेला रस्त्यावरची माणसं वेगळी होती. आदल्या दिवशीचीही होती, पण त्यांच्यात कित्येक असे होते की ज्यांना आग लावायची तेवढी माहीत होती. सिंहदरबाराकडून धूर आला, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडली. घरातले आजोबा तिथेच नोकरी करून निवृत्त झालेले. ते गच्चीच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि कोणत्या मजल्यावर कोणतं खातं होतं ते स्वतःशीच म्हणत राहिले. तेव्हा जाळपोळ चूक होती हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. त्या दोन दिवसांत आणि नंतर जखमांनी मिळून सत्तरहून अधिक माणसं गेली.

पण तुम्ही १० तारीख विसरू नका. लष्कराची गस्त, दुकानं बंद, आणि तरीही सकाळी तीच अकरावी-बारावीतली मुलं झाडू आणि पोती घेऊन बाहेर पडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जळलेल्या टायरच्या तारा गोळा करणारा मुलगा पंधरा वर्षांचा असेल. ज्यांना देश जाळायचा असतो ती पोरं दुसऱ्या दिवशी तो झाडायला येत नाहीत.

वाटसरू_७ | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

नुसती समाजमाध्यमं बंद केली म्हणून देश पेटला असं आपल्याकडे काही जणांनी लिहिलं. ते अपुरं आहे. बंदी ही शेवटची काडी.

२००८ साली राजेशाही जाऊन गणराज्य आलं. तेव्हापासून सतरा वर्षांत एकाही सरकारने पाच वर्षं पुरी केली नाहीत. गेल्या दहा वर्षांत तर पंतप्रधानपदी ओली, देउबा आणि प्रचंड ही तीनच नावं आलटून पालटून. ज्या युद्धात तेरा ते सतरा हजार माणसं मेली, ते ज्यांच्या नावाने लढलं गेलं त्या खेड्यातल्या पोरांच्या हाती पासपोर्ट आला आणि लढवणाऱ्यांच्या हाती मंत्रिपद. २०२३ मध्ये तर नेपाळी माणसांनाच खोटे भूतानी निर्वासित दाखवून अमेरिकेला पाठवतो म्हणून लाखो रुपये उकळल्याचं प्रकरण निघालं, त्यात माजी मंत्री अटकेत गेले. स्वतःच्या देशातून पळायला माणूस पैसे मोजतो आणि ते घेणाऱ्यांत देशाचा माजी गृहमंत्री असल्याचा आरोप होतो, याहून काय सांगायचं.

अशात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नेत्यांच्या मुलांचे परदेशातले सहलींचे, महागड्या पर्सांचे फोटो फिरू लागले. 'नेपो किड' म्हणत ते टिकटॉकवर गावोगावी पोचले. ज्याचा बाप कतारच्या उन्हात खपतोय तो मुलगा ते फोटो बघतोय. आणि त्याच वेळी सरकारने त्याचा बापाशी बोलायचा फोन बंद केला. काका, तुमचा न लागलेला फोन हेच या उठावाचं एक मोठं कारण आहे. आपल्याकडे व्हॉट्सअॅप बंद झालं तर गैरसोय होईल. तिथे घरातलं माणूसच बंद पडलं.

८ तारखेच्या रात्री बंदी उठवली, ९ ला ओलींनी राजीनामा दिला, १२ ला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्यांचं नाव पोरांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर चर्चा करून, मतं टाकून पुढे आणलं. निवडणुकीची ५ मार्च २०२६ ही तारीखही तेव्हाच ठरली.

जुना_पलटणवाला | १५ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

मी सातारचा. बावीस वर्षं गोरखा पलटणीत काढली. माझी नेपाळी अजून माझ्या इंग्रजीपेक्षा बरी आहे.

त्यांच्यात फौजेत गेलेल्याला लाहुरे म्हणतात. रणजितसिंहाच्या काळात लाहोरला जाऊन शिपाईगिरी करायचे, त्यावरून पडलेला शब्द. म्हणजे घर सोडण्याची परंपरा दोनशे वर्षांची. पश्चिमेकडच्या डोंगरातले लोक भारतात कामाला जाण्याला 'कालापहाड जाणं' म्हणतात. पण तेव्हाच्या जाण्याला परतीचा रस्ता होता. शिपाई पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन गावी यायचा, घर बांधायचा, शाळेच्या समितीवर बसायचा. पोखरा आणि धरानला आपल्या दूतावासाची पेन्शन कार्यालयं आहेत. तिथे पेन्शनच्या दिवशी म्हातारे छातीवर पदकं लावून रांगेत बसलेले मी पाहिले आहेत.

२०२२ ला अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी बहुतेकांना परत पाठवायचं हे भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्या १९४७ च्या त्रिपक्षीय करारात बसत नाही अशी नेपाळची भूमिका, आणि तेव्हापासून नेपाळमधली भरती थांबलेली आहे. आमच्या पलटणीतल्या घरांची चौथी पिढी आता कुठे जाते? काही पोरं पैशासाठी रशियाच्या फौजेत गेली आणि युक्रेनच्या बर्फात मेली. नेपाळ सरकारने नंतर रशिया-युक्रेनला कामासाठी जायला बंदी घातली. माझ्या सुभेदारसाहेबांचा पुतण्या त्या वाटेवरून मॉस्कोपर्यंत जाऊन परत आला. आईने शपथ घातली म्हणून.

२०१९ साली लमजुंगला त्याच सुभेदारसाहेबांच्या गावी गेलो होतो. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, खाली मर्स्याङ्दी नदी, वर हिमालय. आणि त्या सोन्यासारख्या शेतांत कंबरेएवढं गवत. नांगर धरायला माणूस नाही. पडीक रानात माकडं वाढली, ती उरलेला मका खातात, म्हणून ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांनीही पेरायचं सोडलं. मी असतानाच एक म्हातारा वारला. गावात खांदा द्यायला चार धडधाकट पुरुष निघेनात. खालच्या गावातून निरोप धाडून माणसं आणली. साठी ओलांडलेला मी आणि पासष्टीचे सुभेदारसाहेब, आम्हीही खांदा दिला. घाटापर्यंत उतरायला तीन तास लागले. मयताचे दोन्ही मुलगे दुबईला होते. थोरल्याने फोनवर सगळं पाहिलं.

आंबा_पावस | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५०

साहेब, माकडांचं वाचून मी उठून बाहेर गेलो. आमचा दाजू इथे दिवसभर गलोल घेऊन आमच्या कलमांवरची वानरं हाकलतो. त्याच्या गावचा मका माकडं खातात.

दोहाकर_शुभदा | १५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

मी अकरा वर्षं कतारमध्ये रुग्णसेवेत आहे. आमच्याकडे येणाऱ्या नेपाळी मुलांबद्दल लिहिते.

तिशीच्या आतला मुलगा येतो. पाय सुजलेले, भूक गेलेली, उलट्या. रक्त तपासलं की मूत्रपिंडं निकामी. अंगमेहनत उन्हातली, पाणी कमी, लघवीला जायला लागू नये म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं, वर थंड पेयं आणि अंगदुखीच्या गोळ्या. काही वर्षं असं चाललं की शरीर हात टेकतं. मग त्याला घरी पाठवतात आणि तो काठमांडूला डायलिसिसच्या खाटेवर जातो. नेपाळमधले डॉक्टर आखातातून आलेल्या अशा तरुणांबद्दल वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत.

जे झोपेतच जातात त्यांच्या दाखल्यावर पुष्कळदा नुसतं हृदय बंद पडलं असं लिहिलं जातं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाचं हृदय का बंद पडलं, हे शोधायला कुणी थांबत नाही. आणि कारण कामाशी जोडलं गेलं नाही की भरपाईचा प्रश्न अडतो. सगळी कारणं धरून वर्षाला हजारावर नेपाळी कामगार परदेशात मरतात. त्रिभुवन विमानतळावर एका दारातून कपाळाला टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ घातलेली पोरं आत जात असतात, दुसरीकडून शवपेट्या बाहेर येत असतात. रोज येतात. मी स्वतः काठमांडूमार्गे गेले तेव्हा पाहिलं. पेटीवर नाव, गाव आणि वजन लिहिलेलं होतं.

आणखी एक. २०१५ पासून नेपाळात नियम आहे की आखात आणि मलेशियाला जाणाऱ्याचा व्हिसा आणि तिकीट कामावर ठेवणाऱ्याने द्यायचं. मी विचारलेल्या एकाही मुलाला ते फुकट मिळालेलं नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज. पहिली दीड-दोन वर्षं तो फक्त जाण्याचा खर्च फेडत असतो. म्हणून आजारी पडला तरी परत जात नाही.

काका, दाजूच्या मुलाला शेत गहाण टाकण्याआधी एवढं जरूर करायला सांगा: जपानमधल्या शाळेचं पत्र एजंटाकडून नको, त्या शाळेकडून स्वतः मागवा. विद्यार्थी म्हणून गेला तर आठवड्याला किती तास काम करता येतं ते आधी कळू दे. जपानमध्ये ते २८ तास आहे. तेवढ्यात फी, खोलीभाडं आणि कर्जाचा हप्ता बसतो का, हा हिशोब तुम्ही त्याच्यासोबत कागदावर मांडा.

ओवी | १५ नोव्हेंबर, रात्री १०.००

सगळे 'पोरगा' म्हणताहेत, म्हणून मुलींबद्दल.

नेपाळने मुलींच्या काळजीपोटी त्यांना आखातात घरकामाला जायला वेळोवेळी बंदी घातली. २०१७ मध्येही घातली. गरज काही थांबली नाही. मग त्या खुल्या सीमेने भारतात येतात आणि दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून पुढे जातात, कुठल्याच नोंदीत न येता. काही झालं तर त्यांच्या दूतावासाकडे नावसुद्धा नसतं.

आणि मुंबईकर म्हणून एक गोष्ट आपण विसरता कामा नये. १९९६ साली कामाठीपुऱ्यातून शेकडो मुली सोडवल्या, त्यात नेपाळच्या फार होत्या. त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायला पुढे येईना. त्या महिनोन्‌महिने सुधारगृहात पडून होत्या, शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी नेलं. परत गेलेल्या त्यातल्या काहींनी मिळून 'शक्ती समूह' काढला आणि सीमेवर दुसऱ्या मुलींना वाचवायचं काम सुरू केलं. २०१३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या शहराने ज्यांचं बालपण घेतलं त्या मुलींनी हे केलं. नेपाळच्या तरुण पिढीबद्दल बोलताना मला त्या आधी आठवतात.

सरळ_बोलतो | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

मृदगंधताई, पलटणवाले काका, शुभदाताई, सगळं वाचलं. जाळपोळीबद्दल माझं मत तेच आहे, पण त्या पोरांबद्दलचं बदललं. मला वाटत होतं, आळशी आणि मोबाइलवेडी पिढी आहे.

आता एक माझ्याकडून. गेल्या महिन्यात बिपिन जोशीचं पार्थिव इस्रायलमधून नेपाळला पोचलं, ते कितीजणांनी वाचलं? हा मुलगा सुदूरपश्चिमचा, शेतीचा विद्यार्थी. शिका आणि कमवा योजनेत आधुनिक शेती शिकायला गेला होता. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात त्याच्याबरोबरचे दहा नेपाळी विद्यार्थी मारले गेले, याला ओलीस नेलं. आत फेकलेला हातबॉम्ब त्याने उचलून बाहेर टाकला म्हणून काही जण वाचले. दोन वर्षं आई आणि धाकटी बहीण दारोदार फिरली. शेवटी पेटी आली. शेती शिकून परत येणार होता. काकांच्या दाजूच्या शेजारच्याच जिल्ह्यातला, कंचनपूरचा.

रानवाट | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

बापरे. हे मला माहीत नव्हतं.

हिशोबाची_वही | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.२५

पुढे काय, हा प्रश्न राहतोच. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लोकसंख्येची. २०२१ मध्ये नेपाळच्या एका बाईमागे मुलांचं प्रमाण १.९४ वर आलं, म्हणजे दोनच्या खाली. आतापर्यंत एक भाऊ गेला तर दुसरा घरी असायचा. आता जाणारा एकुलता आहे. दहा-वीस वर्षांनी पैसे धाडणाराच कमी झाला तर ते स्लॅबचं घर, ते आजारी आई-बाप आणि ती आयातीवर भरणारी तिजोरी कशावर चालणार?

करता येण्याजोगं नाही असंही नाही. नद्यांची वीज आहे, आता ती भारताला आणि बांगलादेशालाही विकली जाते. त्या विजेवर तिथेच छोटे कारखाने उभे राहिले तर फरक पडेल. परत आलेल्या माणसाच्या हातात कसब असतं, त्याला बिनतारण कर्ज मिळालं तर तो आपल्याबरोबर चार पोरं धरून ठेवील. आणि बाहेर असलेल्यांना मत हवं. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं की परदेशातल्या नेपाळी नागरिकांना मतदानाची सोय करा. झालेलं नाही. ज्यांच्या पैशावर देश चालतो त्यांना देश कुणी चालवावा हे सांगता येत नाही.

आंबा_पावस | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी मी दाजूला बोलावून शुभदाताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. मुलालाही फोन लावला. २८ तासांचा हिशोब तिघांनी मिळून मांडला. पहिल्या वर्षी हप्ता बसत नाही हे मुलाने स्वतःच काढलं. एजंटाने त्याला 'तिथे गेल्यावर जमतं' एवढंच सांगितलं होतं. जायचं नाही असं काही तो म्हणाला नाही. शाळेला स्वतः पत्र लिहितो आणि तोवर पैसे देत नाही, इतकं कबूल केलंय. शेत तूर्त गहाण पडलेलं नाही.

हिशोबाची_वही यांनी मतदानाचं लिहिलंय ते वाचत होतो तेव्हा दाजू खाली मान घालून बसला होता. मग हळूच म्हणाला, "शेठ, मार्चमध्ये आठ-दहा दिवस सुट्टी देणार काय?" अठरा वर्षांत त्याने भर हंगामात कधी सुट्टी मागितलेली नाही, आई वारली तेव्हासुद्धा जूनमध्ये गेला. मतदान ५ मार्चला. सीमा त्याआधी दोन-तीन दिवस बंद होते, म्हणून सीमेवरच्या गौरीफंट्यावरून पलीकडे धनगढीला १ तारखेच्या आत पोचायला हवं. इथून दिल्ली गाडीने, पुढे बस. पोरगाही काठमांडूहून गावी येणार आहे, त्याचं पहिलं मत. दोघांना एकाच दिवशी एकाच रांगेत उभं राहायचंय.

मार्चमध्ये आमचं पहिलं फळ उतरायला लागलेलं असतं, आणि वानरं तेव्हाच सगळ्यात जास्त येतात. मी हो म्हटलं. तेव्हा शिमगा आहे, मुंबईची आमची पोरं पालखीला घरी असतात. भावाच्या दोन्ही मुलांना फोन करून सांगितलंय, या वेळी आठ दिवस राखण तुमच्याकडे. तिकिटाचं आरक्षण उघडलं की काढतो.